बसता सा

बालाघाटात व्हायोला एकाच घरात होता, आणि त्या घरातही त्याला कोणी व्हायोला म्हणत नसे. शेजारचा ऑटोवाला प्रीतम त्याला खुशाल सारंगी म्हणायचा. घरधनीण कमलाबाई त्याला 'मोठं व्हायोलिन' म्हणायच्या, आणि राग आला की 'धूड'. त्र्यंबकराव देशकर मात्र त्याचं नावच घेत नसत. सकाळी आंघोळ करायची, मांडी घालून उजवा पाय जरा पुढे काढायचा, त्याच्या घोट्यावर वाद्याचं डोकं टेकवायचं, की झालं. पुढचे तीन तास दाराशी साक्षात कलेक्टर आला तरी त्यानं ओट्यावर बसून राहावं.

माणूस हट्टी. अगदी खोडाच्या गाठीसारखा. उकव्याच्या मँगनीज खाणीत पस्तीस वर्षं हजेरीबाबू होते. कोण मजूर किती मिनिटं उशिरा आला हे त्यांना वही न उघडता सांगता यायचं. रिटायर होऊन बालाघाटला आले आणि शिकवायला लागले. शिष्य येत, आणि तितक्याच वेगानं पळतही. कारण पहिले सहा महिने फक्त गज. एकच सूर, एकच गज, या टोकापासून त्या टोकापर्यंत, न थांबता न थरथरता, आपला श्वास तीनदा आतबाहेर होईपर्यंत. लग्नाच्या पार्टीत सिनेमाची गाणी वाजवायच्या आशेनं आलेली पोरं आठवड्यात गायब होत. त्र्यंबकरावांना त्याचं काही वाटत नसे. "गेले तं गेले, बला गेली," म्हणायचे.

टिकली एकटी खुशी. कटंगीकडची, धानाची शेती असलेल्या घरची पोर. कॉलेजसाठी मावशीकडे राहायला आली आणि एके दिवशी ओट्यावर येऊन उभी राहिली. कमलाबाई म्हणाल्या होत्या, "हे पोट्टी आठ दिस बी काढत नाही." त्याला आता सहा वर्षं झाली होती. खुशीनं गज असा पेलला होता की त्र्यंबकराव डोळे मिटून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, आता मी मेलो तरी चालेल. तोंडानं मात्र म्हणायचे, "ठीक आहे. परत."

आता तिच्यापुढे एक संधी आली होती. नागपूरच्या एका संगीत विद्यालयात तीन वर्षांची शिष्यवृत्ती, राहण्याजेवण्यासकट. निवड एकाच दिवशी, वाजवून. वयाची अट बावीस, आणि खुशीला येत्या वैशाखात तेवीस पूर्ण होणार होती. म्हणजे पहिली खेप तीच आणि शेवटचीही तीच. तिचे वडील, भैयालाल, सरळ माणूस. ते म्हणाले होते, "निवड झाली तं खुशाल जाय बेटा. नाही झाली तं मामाच्या राइस मिलमंदी काट्यावर बस, धानाचे ट्रक मोज. रिकामं नाही बसाचं." खुशीनं हौ म्हटलं होतं. तिच्या मनात काट्यावर बसण्याचा प्रश्नच नव्हता. ती मारवा वाजवणार होती, आणि मारव्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

मारव्यात सा टाळायचा असतो. ऐकणाऱ्याचा जीव त्या सा साठी कासावीस होतो, आणि वाजवणारा त्याला रे वर आणि ध वर फिरवत ठेवतो. शेवटी एकदाचा वरचा सा येतो. जगातले बाकी सगळे तो सा ठाम लावतात. त्र्यंबकराव तसं करत नसत. त्यांचा सा लागायचा, क्षणभर उभा राहायचा, आणि मग तारेवरचं बोट केसाकेसानं सरकत तो सूर हळूहळू खाली बसायचा. एकदा गणपतीत एक जजसाहेब डोळे पुसत म्हणाले होते, "देशकरजी, ये तो डूबता सूरज है." त्याला बालाघाटात 'बसता सा' असं नावच पडलं होतं. त्र्यंबकराव कान पकडून सांगायचे, "माझं नाही हे. गुंडोपंतांचं आहे."

गुंडोपंत सालपेकर हे नागपूरचे व्हायोलिनवादक. त्र्यंबकरावांनी त्यांना कधी पाहिलं नाही. पाहायला जायचं ठरवलं त्याच वर्षी ते वारले. हाती होती फक्त एक कॅसेट, कोणा मित्रानं मैफलीत चोरून भरलेली, दहा हातांतून फिरून घासलेली. तंबोरा तर तीत ऐकूच येत नव्हता. लग्न नवं होतं, नोकरी नवी होती, खाणीच्या टोकाला जंगलाला लागून क्वार्टर, विजेची लाइन दिवसातून चार तास, तीही ड्यूटीच्या वेळी. टेप चालायचा सेलवर. एकाच पावसाळ्यात त्र्यंबकरावांनी ती कॅसेट दोनशेदा ऐकली. सेल वाचावेत म्हणून ती पेन्सिल खुपसून हातानं मागे फिरवायची. सेल उतरले की कमलाबाई ते पत्र्यावर कुरडयांच्या शेजारी उन्हात वाळत घालायच्या. दोन उन्हं खाल्ली की सेल पुन्हा दोन दिवस चालत. अख्ख्या उकव्यात सगळे तेच करत.

त्या टेपवरचा सा इतका खाली होता की व्हायोलिनची तार तिथवर सैल केली की लोंबायची. मग त्र्यंबकराव नागपूरला जाऊन जुन्या बाजारातून हे धूड घेऊन आले. त्याच्या जाड तारांवर तो सा बरोबर बसला. गुंडोपंत एका गजात जेवढं वाजवत तेवढं एका गजात काढायला त्र्यंबकरावांना चार वर्षं लागली. दंड सुजायचा. पण जमलं. तोवर कॅसेटला बुरशी येऊन ती फेकावी लागली होती, आणि उरलं ते सगळं हातात होतं.

आता ऐका काय झालं ते.

संक्रांत होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. पुण्याच्या पुतण्यानं, अपूर्वनं, फोनवर काहीतरी पाठवलं. खाली लिहिलं होतं, 'काका, तुमचे गुंडोपंत! त्यांच्या नातवानं मूळ टेप साफ करून टाकलीय.' दुपारची वेळ, त्र्यंबकराव जेवून पानाला चुना लावत होते. पान तसंच राहिलं. चष्मा चढवला, बोट लावलं, आणि मारवा सुरू झाला.

पहिल्यांदा त्यांना रागच आला. हे कोण टवाळ पोरगं गुंडोपंतांच्या नावावर वाजवतंय? सूर कितीतरी चढा. चाल भरभर, हसरी म्हणावी इतकी मोकळी. सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड कुठे कॅसेटवरची सावकाश, आणि कुठे ही चपळ! पण जागा त्याच होत्या. एकूण एक जागा त्याच. अकराव्या मिनिटाला, रे वरून ध ला जाताना, श्रोत्यांतून कोणीतरी खोकायचं. कॅसेटवर तो खोकला जाड, खरखरीत, म्हाताऱ्याचा होता. त्र्यंबकराव श्वास धरून बसले.

खोकला आला. लहान पोराचा होता.

पुढचं त्यांनी ऐकलं ते ऐकायला नको असूनही. शेवटी वरचा सा लागला. लागला आणि राहिला. सरळ, ठाम, हलला नाही की ढळला नाही, आणि तसाच थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कमलाबाई भांडी घासता घासता हात पुसत बाहेर आल्या. "काय झालं हो? तोंड काहून असं केलं?"

त्र्यंबकरावांनी पुन्हा वाजवून दाखवलं. कमलाबाईंना रागदारीतलं ओ की ठो कळत नव्हतं, हे त्र्यंबकरावांचं चाळीस वर्षांचं मत होतं. त्या दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अव बाप्पा! हे तं आपल्या उकव्याच्या टेपमंदलं. सेल ताजे हायेत वाटते."

त्र्यंबकरावांनी फोन उलटा करून ठेवला.

"म्या तवाच म्हनलं होतं तुमाले," कमलाबाई म्हणाल्या. "टेप रडून राह्यला, सेल बदला. शेवटाले शेवटाले तं मोटरच दमे त्याची. तुमी काय म्हनलं? तुले काय समजते गान्यातलं, चूप बस. बसली चूप."

खरं होतं. शब्द न शब्द खरं. उतरत्या सेलांवर टेप हळू फिरायचा, म्हणून सूर खाली आणि गज लांब; शेवटी मोटर दमायची, म्हणून सा बसायचा. ते धूड, ती जाड तार, तो लांब गज, तो जजसाहेबांचा बुडता सूर्य, सगळं उन्हात वाळवलेल्या चार सेलांचं होतं. त्यांना लाज वाटली. इतकी की अंगणात जाऊन उभं राहावं तर रस्त्यावरची माणसं आपल्याकडे पाहून हसतील असं वाटलं. आणि मग खुशी आठवली. निवडीला अठरा दिवस होते.

"पोट्टीले आजच सांगून टाका," कमलाबाई म्हणाल्या.

"सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशी आली. मुळात व्हायोला एकच, म्हणून ती रोज इथेच येऊन वाजवायची. तिनं मारवा लावला. शेवटी सा आला, उभा राहिला, बसला. इतका सुंदर बसला की त्र्यंबकरावांना हुंदका आला आणि तो त्यांनी खोकल्यात लपवला. "ठीक आहे," ते म्हणाले. "परत." त्यांना म्हणायचं होतं वेगळंच. बाहेर आलं तेच, सहा वर्षांच्या सवयीचं.

उद्या सांगू. आज तिचा हात लागलाय. परवा सांगू, परवा एकादशी आहे. मग एक दिवस त्यांनी "आज मारवा राहू दे, पूरिया घे" असं म्हणून पाहिलं. खुशीनं पूरिया वाजवला आणि आपणहून मारव्यावर आली. एक दिवस फोन हातात घेऊन बसले आणि ती आल्यावर उशीखाली सरकवला. रोज ती गेली की कमलाबाई विचारायच्या, "सांगितलं?" आणि रोज ते काहीतरी निमित्त काढायचे. आठवड्यानं कमलाबाईंचा पारा चढला.

"आपल्या नाकाले जपता जपता पोट्टीचा गळा कापान तुमी," त्या म्हणाल्या. "मीच सांगतो तिले."

"खबरदार!" त्र्यंबकराव ओरडले. मग एकदम मऊ झाले. "तुझ्या तोंडून कळलं तं मी कोणत्या तोंडानं समोर बसू तिच्या? मीच सांगीन. दोन दिवस दे."

कमलाबाईंनी दोन दिवस दिले. नवऱ्याच्या शब्दाखातर दिले, आणि नंतर त्याबद्दल स्वतःला पुष्कळ बोल लावला. दोनाचे चार झाले, चाराचे आठ.

जायच्या दिवशी त्र्यंबकराव प्रीतमच्या ऑटोतून बसस्टँडवर गेले. नागपूरची गाडी लागलेली. खुशी खिडकीशी, मांडीवर व्हायोलाची पेटी, लेकरासारखी दोन्ही हातांनी धरलेली. तिनं खाली उतरून पाया पडून घेतलं होतं. त्र्यंबकराव खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले.

"खुशी, एक ऐक. शेवटचा सा बसवू नको. सरळ धर."

खुशीला आधी ती थट्टाच वाटली. "काहून जी?"

"असंच. परीक्षक लोकांना... त्याईले नाही समजत ते."

"पन तुमीच तं म्हनत होते, समोरच्याले पाहून वाजवाचं नाही म्हनून!" तिचा चेहरा उतरला. "मले त्याच्याच पायी तं मारलं होतं तुमी. हातावर. पहिल्या वर्षी, म्या सरळ धरला होता तवा."

हे त्र्यंबकराव विसरले होते. गजाच्या मागच्या टोकानं मारलं होतं खरं. "गुरू सांगते तं ऐकाचं," ते म्हणाले, आणि स्वतःच्या आवाजाची त्यांना किळस आली. कंडक्टरनं शिटी मारली. गाडी हलली. खुशी खिडकीतून मागे वळून पाहत होती, पण ते पाहणं निरोपाचं नव्हतं; एवढं मोठं कोडं घालून गुरुजी तिथं उभे का राहिले, हे तिला कळत नव्हतं. प्रीतमनं विचारलं, "काका, चलें?" त्र्यंबकराव म्हणाले, "चल."

तिसऱ्या दिवशी दुपारी ती आली. पेटी ओट्यावर ठेवली, चपला काढल्या, आत येऊन चटईवर बसली. कमलाबाईंनी पाणी दिलं. ते तिनं पूर्ण प्यायलं.

"लिस्ट तिथंच लावली त्याईनं," खुशी म्हणाली. "नाव नाही."

त्र्यंबकरावांनी रिकामं फुलपात्र उचलून बाजूला ठेवलं.

"सुरुवातीले तर सगळे सरकून बसले होते जी. एक बुढी मॅडम होती. तिनं मधातच विचारलं, बेटा, ये गज किसने सिखाया, इतना लंबा गज हमने नहीं सुना. म्या तुमचं नाव सांगितलं. गावाचं बी सांगितलं." तिचे डोळे क्षणभर चमकले आणि विझले. "मंग सा आला. तुमी म्हनलं तसा सरळ धरला. अन् बोट निघालं. आपल्याच मनानं. म्या वढून वापस आनलं, तं परत निघालं. ना सरळ राह्यला, ना बसला. नुसता लटपटला. त्या मॅडमनं पेन खाली ठेवला. बेटा, सा ही नहीं ठहरता, तो बाकी किस पर ठहरेगा?"

स्वयंपाकघरात कमलाबाईंच्या हातातलं झाकण ओट्यावर आपटलं.

"बसवला असता तं निदान तुमचा तं असता," खुशी म्हणाली. "म्या म्हनली असती, आमच्या घरचा असाच बसते. काहून बदलाले लावलं गुरुजी? अन् तेही खिडकीतून?"

त्र्यंबकराव उठले, उशीखालून फोन काढला आणि तिच्यासमोर ठेवून चालू केला. खुशीनं अख्खा मारवा ऐकला. खोकला आला तेव्हा त्र्यंबकरावांनी नुसतं बोट वर केलं. त्या म्हाताऱ्याच्या खोकल्याची गोष्ट ते तिला कैकदा सांगून हसले होते. ती समजली. शेवटचा सा सरळ उभा राहिला तेव्हा तिनं मान खाली घातली. मग त्यांनी सगळं सांगितलं. टेप, लाइन, पेन्सिल, पत्र्यावरचे सेल. काहीही राखून ठेवलं नाही. सांगताना त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

खुशी रडली नाही. ती बराच वेळ आपल्या डाव्या हाताच्या बोटाकडे पाहत होती. मग तिनं जे विचारलं ते त्र्यंबकरावांना अपेक्षित होतंच.

"तुमाले हे कवा मालूम झालं गुरुजी?"

काल, म्हणता आलं असतं. तू गेल्यावर, म्हणता आलं असतं. खिडकीशी बोललो तेव्हा नुकतंच कळलं होतं, असंही म्हणता आलं असतं, आणि ते तिनं आनंदानं खरं मानलं असतं. त्र्यंबकरावांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. कमलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नजर वळवली नाही.

"अठरा दिवस आधी," त्र्यंबकराव म्हणाले.

"अठरा," खुशी म्हणाली. "म्या रोज येत होती."

"हौ."

"रोज वाजवत होती तुमच्या म्होरं."

"हौ, बेटा."

"अठरा दिवसांत सरळ केलं असतं म्या त्याले. दिवसाचे आठ घंटे बसली असती. सेलचं आयकून मले हासू आलं असतं जी, दुसरं काय? तुमाले काय वाटलं, म्या तुमाले सोडून गेली असती?"

त्र्यंबकरावांना अगदी तेच वाटलं होतं.

ती उठली. सोमवारपासून काट्यावर बसणार आहे, मामा सकाळी आठला बोलावतो, म्हणाली. ओट्यावरची पेटी आत आणून भिंतीशी उभी केली, आणि जाता जाता सवयीनं त्यांच्या पायांकडे वाकली. अर्ध्यात तिच्या लक्षात आलं. ती तशीच थांबली, मग पाया पडूनच उठली. "येतो काकू," म्हणाली. गुरुजींना काही म्हणाली नाही.

मग त्र्यंबकरावांनी पेटी उघडली, उजवा पाय पुढे काढला, घोट्यावर वाद्याचं डोकं टेकवलं. रे वरून गज ओढला आणि वरचा सा लावला. सरळ धरला. सगळा जीव त्या एका बोटात आणून धरला. बोट निघालं. त्यांनी परत लावला, परत निघालं. सहाव्या-सातव्या खेपेला कमलाबाई येऊन समोर खाली बसल्या. चाळीस वर्षांत त्या कधी अशा ऐकायला बसल्या नव्हत्या.

"परत," त्या म्हणाल्या.

त्र्यंबकरावांनी परत लावला.